एक्कावन्न कोण?

वडील गेले त्या उन्हाळ्यात मी डिचोली तालुक्यात एका खाणीच्या ऑफिसात कामाला लागले. पेडण्याच्या घरून रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून डिचोलीत मावशीकडे राहायचे. ऑफिस आमोण्याच्या अलीकडे, मांडवीच्या काठावर. समोर नदी, मागे लाल मातीचे डोंगर, आणि मधल्या सगळ्या वस्तूंवर, झाडांवर, कागदांवर, माणसांच्या पापण्यांवर तीच लाल धूळ.

वडिलांनी आयुष्यभर पत्रकं काढली. घरात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, आणि मी अक्षरं शिकले ती पाटीवर नाही, मेणकागदावरून. गोवा राज्य झालं त्या वर्षी मी दुसरीत होते. त्या आधीच कायदा झाला होता. कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीही वापरता येईल असं त्यात लिहिलं गेलं. मराठीला दुय्यम ठरवणाऱ्या त्या ‘ही’विरुद्ध वडील पुढची कितीतरी वर्षं लिहीत राहिले. मी कागदांच्या घड्या घालायचे. समान हक्क, अन्याय, जाब हे शब्द मला भाजी, पाव, भात यांच्याइतके रोजचे होते. राग आमच्या घरात सकाळच्या पेजेसारखा असायचा. तो कुठून येतो असं कोणी विचारत नसे.

ते गेले आणि मला रडू आलं नाही. नंतर लक्षात आलं की रागही येईनासा झालाय. बसमध्ये कंडक्टर कुणा म्हातारीवर ओरडला तर पूर्वी मी उठून उभी राहायचे. आता मला दिसायचं की तो ओरडतोय, ती गप्प आहे, खिडकीबाहेर अस्नोडा आलं. एवढंच. पाय झोपला की तो आपलाच आहे हे हात लावून बघावं लागतं, तशी मी माझ्याकडे बघत होते.

ऑफिसात माझं काम सोपं होतं. वजनकाट्यावरचं, हिशेबाच्या खोलीतलं आणि खाली जेटीवरचं अशी सगळी यंत्रं एका वायरीने आधीच जोडलेली होती. दोन वर्षांपूर्वी कुणी इंजिनियर येऊन ते करून गेला होता. मी मधोमध एक युनिक्स सर्व्हर उभा करायचा होता. काट्यावर ट्रकचं वजन झालं, बार्ज, म्हणजे खनिज वाहणारी सपाट बोट, भरली, की सगळे आकडे त्याच्यात येऊन पडतील आणि चिठ्ठ्या तोच छापेल. पूर्वी हे हाताने व्हायचं, आणि सर्व्हर आल्यावर हाताचं लगेच बंद करून टाकलं गेलं.

अशा वायरीवर प्रत्येक यंत्राला आपला एक आकडा लागतो. तोच त्याचा पत्ता. एखाद्या यंत्राला सर्व्हरशी बोलायचं असलं की ते वायरीवर हाक मारतं, अमुक आकडा कोण? ज्याचा तो आकडा, त्याने ओ द्यायची. बाकीच्या यंत्रांनी रोज नवा आकडा घेतला तरी चालेल, पण सर्व्हरचा पत्ता बदलता कामा नये. म्हणून तो हाताने, कायमचा घालून द्यायचा. तेवढं झालं की सर्व्हर सर्वांना सापडतो.

मॅनेजर माझ्या मागे कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसला. पन्नाशीचा, पेडण्याकडचाच, वडिलांना ओळखणारा. चळवळीच्या काळात याने मराठीसाठी घोषणा दिल्या होत्या. बोलायचा मात्र कोंकणीत. आमच्याकडे हे कोणाला विचित्र वाटत नाही.

“कितलो नंबर घातलो गो?”

“अजून घातला नाही, सर. दहा घालते.”

“धा नाका. एकावन घाल.”

“एक्कावन्नच का?”

“आमचें सगळें एकावन. जीपीचो नंबर पळय, फोनाचो पळय. देवाक घालता तेंय एकावन. धा रुपया कोण घालता देवाक?”

मला काहीच फरक पडत नव्हता. पद्धत अशी की आकडा घेण्यापूर्वी तो कोणी घेतलेला नाही ना, हे विचारून बघायचं. मी वायरीवर हाक मारली, एक्कावन्न कोण? कोणीही ओ दिली नाही. मग मी आज्ञा लिहिली, सर्व्हरच्या जोडणीला एक्कावन्न आकडा दिला. एवढ्यावर भागत नाही. नुसतं तोंडी सांगितलेलं हे यंत्र वीज गेली की विसरतं, आणि आमच्याकडे वीज जातेच. म्हणून तोच पत्ता एका फायलीत लिहून ठेवला, की उठल्याउठल्या त्याने ती वाचावी आणि तोच आकडा पुन्हा घ्यावा. सर्व्हर बंद करून चालू केला. एक्कावन्नने ओ दिली.

मग नारळ ठेवला गेला. सगळ्यांत म्हाताऱ्या फोरमनने सर्व्हरसमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. “ह्या यंत्राक कोणाची नदर लागू नये, कोणी आड येयत तर तेका उभ्या वाटेक आडवो कर,” आणि सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. मीही ओठ हलवले.

दुसऱ्या दिवशी बार्ज लागली आणि सर्व्हर नाहीसा झाला.

नाहीसा म्हणजे, तो समोर चालू होता, दिवे लुकलुकत होते, पण कोणालाच सापडेना. काट्यावरचा कारकून बोंबलायला लागला. ट्रकांची रांग लागली. बार्ज भरून हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर निघून गेली आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत झालं. पुढच्या बार्जला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही, आणि हाताची चिठ्ठी आता चालणार नाही असा बंदरावरून निरोप आला. मी सर्व्हर उघडून पाहिला, पत्ता पाहिला, फाईल वाचली. सगळं मी लिहिलं होतं तसंच होतं.

“बार्ज लागता आनी हें मरता,” मॅनेजर म्हणाला. “बार्जीकडे कितें आसा तें पळोवंक जाय.”

आणि तो जेटीवर जाऊन उभा राहिला.

जेटीची वायर बार्जमध्ये खनिज नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या कडेकडेने, जमिनीवरून खाली गेली होती. बार्ज भरायला लागली की पट्ट्यावरून खनिज सांडतं. ते ओढायला एक माणूस होता, बेळगावकडचा, वय चाळिशीच्या पुढचं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याचे गाववाले बारा-पंधराजण तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहत आणि त्यांचा मुकादमही त्यांच्याच गावचा. या माणसाची एक सवय होती. खनिज वायरीवर पडलं की तो ती काठीने अलगद उचलायचा, पट्ट्याच्या खुंटाला अडकवायचा, खालचं सगळं खोऱ्याने ओढून घ्यायचा आणि वायर पुन्हा जागेवर ठेवायचा. कोणी सांगितलं नव्हतं. वायर गाडली जाऊ नये एवढाच त्याचा हेतू.

बार्ज लागली, त्याने वायर उचलली, आणि वरून निरोप आला की सर्व्हर गेला. मॅनेजरने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला आणखी काही पाहायचं नव्हतं.

मी ओरडणं ऐकून खाली गेले तेव्हा सगळी गँग गोळा झाली होती. मॅनेजर सांगत होता की हा वायर तोडतो, आतून तांबं काढून विकतो, ह्या घाट्यांना थारा दिला हेच चुकलं. मुकादम मान खाली घालून उभा. तो माणूस एकदाच बोलला.

“उचलून ठेवलो की ओ साहेब. तोडलो न्हाई. बगा की, सारी हाय तशी हाय.”

त्याच्या ‘ठेवलो’ला आमच्यातला कोणीतरी हसला.

“पुरावा काय, सर?” मी विचारलं.

“पुरावो? तो वायर उखलता, यंत्र मरता. आनी कसलो पुरावो जाय तुका?”

मुकादमाने त्याला बाजूला नेलं. तासाभराने तो बोचकं घेऊन फाटकातून बाहेर पडताना दिसला. डिचोलीहून दुपारी बेळगावची बस असते. त्याच्या मागे कोणी गेलं नाही. मुकादम फक्त म्हणाला, “आता गावात काय सांगू ह्याच्या घरात? आमच्या अगुदर बोलणं पोचतंय, अक्का.” म्हणजे चोर म्हणून तो घरी पोचण्याआधी चोर हा शब्द पोचणार होता, आणि मग कोणता मुकादम त्याला कामावर नेणार?

हे मला कळत होतं. पाटीवर लिहिलेलं वाचावं तसं कळत होतं. पूर्वीची मी असते तर त्या क्षणी काय बोलले असते, ते शब्दही मला माहीत होते. ते आले नाहीत. मी वर गेले.

बार्ज अजून भरत होती. माणूस गेला होता, वायर जमिनीवर होती, आणि सर्व्हर अजूनही कुणाला सापडत नव्हता.

“आंतल्यान तोडलां आसतलें. सोद,” मॅनेजर म्हणाला.

मी वायरीच्या कडेने ऑफिसापासून जेटीपर्यंत चालत गेले. कुठेही ओरखडा नव्हता. परत आले. मग मी सर्व्हरची वायर त्याच्या पाठीतून काढून हातात धरली, आणि काट्यावरच्या यंत्रावर बसून हाक मारली, एक्कावन्न कोण?

ओ आली.

सर्व्हरची वायर माझ्या हातात होती आणि एक्कावन्न ओ देत होता. मी पुन्हा विचारलं. पुन्हा आली, अगदी नियमित. म्हणजे या वायरीवर दुसरा कोणीतरी एक्कावन्न होता, आणि दोघांनी एकदम ओ दिली की हाक मारणारा चुकीच्या दारात जात होता.

मी खाली जेटीवरच्या केबिनमध्ये गेले. तिथला कारकून उंडा पाव आणि चहा घेऊन बसला होता. त्याच्या यंत्राशेजारी त्याच्यावर घालायचं कापड पडलं होतं, लाल झालेलं. बार्ज नसली की तो यंत्र बंद करून कापडाखाली ठेवायचा. धूळ जाते म्हणून. बार्ज लागली की कापड काढून चालू करायचा. मी पहिल्या दिवशी हाक मारली तेव्हा हे यंत्र कापडाखाली झोपलं होतं.

मी त्याचा पत्ता काढून पाहिला. एक्कावन्न.

“हा आकडा कोणी घातला?”

“पयल्या इंजिनेरान. सरांनी सांगिल्लें तेका, एकावन घाल म्हणून.” तो चहाचा घोट घेऊन म्हणाला. “आमचें सगळें एकावनच मगो.”

मी वर येऊन मॅनेजरला सांगितलं. वायर कोणी तोडली नव्हती. तुम्ही दोन वर्षांपूर्वी एका यंत्राला एक्कावन्न घालायला लावला आणि यंदा दुसऱ्याला. खालचं चालू झालं की वरचं हरवतं. तो माणूस वायर उचलायचा ती बार्जच्या वेळी, आणि खालचं यंत्रही चालू व्हायचं ते बार्जच्याच वेळी.

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरें. बदल मगो. कितलो वेळ लागता?”

“दोन मिनिटं.”

“मागीर बदल. बार्ज भरली, चिठी नासतना ती सुटची ना. भरती चुकतली.”

“बदलते,” मी म्हटलं. “आधी त्याला बोलवा.”

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

“तूं म्हाका अटी घालता?”

“हो.”

हे मी धैर्याने म्हटलं असं कोणाला वाटू नये. माझं हृदय धडधडत नव्हतं. बसची वेळ सांगावी तसा माझा आवाज होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत बसले. काय करायचं ते ठरलेलं होतं. मी ते ठरवलं होतं असंही नाही. एका माणसाला खोटं चोर ठरवलं तर ते उलटवल्याशिवाय पुढचं काम करायचं नाही, हे मला घड्या घालायच्या वयापासून माहीत होतं. त्यासाठी आत काही पेटावं लागतं असा माझा समज होता. काही पेटलं नाही आणि तरी मी उठले नाही.

“तुज्या बापायचीं पत्रकां हांवें वांटल्यांत गो,” मॅनेजर म्हणाला. “तेरेखोलासावन हळर्णमेरेन. पायांनी चलून.” म्हणजे पेडणे तालुक्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“मग त्यांत काय लिहिलेलं असायचं, ते आठवत असेल तुम्हाला.”

“तें मराठीचें आशिल्लें. हो घाटी.”

“तो मराठीच बोलतो, सर. इथे दिवसभर मराठी बोलणारे तेच लोक आहेत.”

खालून बार्जवाल्याने भोंगा दिला. मॅनेजर खिडकीशी गेला, परत आला, माझ्याकडे पाहिलं. खालचं यंत्र बंद ठेवून भागणार नव्हतं, बार्जचे आकडे त्यातूनच यायचे. मला कामावरून काढायचं तरी पत्ता आधी बदलून घ्यायला हवा होता, आणि तो बदलायची किल्ली, म्हणजे सर्व्हरचा परवलीचा शब्द, फक्त माझ्याकडे होता. हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने ड्रायव्हरला हाक मारली आणि जीप डिचोलीच्या बसस्टँडवर पाठवली.

जीप आली तेव्हा तो माणूस मागच्या बाकावर बोचकं पोटाशी धरून बसला होता. उतरेना. ड्रायव्हरने त्याला काही सांगितलंच नव्हतं. बसमध्ये चढून, खांद्याला धरून खाली उतरवलं आणि जीपमध्ये घातलं. त्याला वाटत होतं पोलिसांकडे नेताहेत. मी हे असं होईल असा विचारच केला नव्हता. मी फक्त ‘त्याला बोलवा’ म्हटलं होतं.

“ज्यांच्यासमोर चोर म्हटलंत त्यांच्यासमोर सांगा,” मी मॅनेजरला म्हटलं.

गँग जमली. मुकादम पुढे आला. मॅनेजर नदीकडे बघत बोलला.

“वायर कोणें कापूंक ना. यंत्राची चूक आशिल्ली. हाणें कांय करूंक ना.”

“मराठीत सांगा. त्यांना कळायला हवं.”

“त्याने काही केलं नाही,” तो म्हणाला. शुद्ध, भाषणातल्यासारखं मराठी. “चूक आमची होती.”

यंत्राची, असं पुन्हा म्हणेल असं मला वाटलं होतं. तो ‘आमची’ म्हणाला. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मुकादमाने मान हलवली आणि गँगमधल्या एकाला म्हणाला, “आज गावाकडं फोन लावून सांग. ह्याच्याबी घरात सांग, माझ्याबी.” कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक आपापल्या कामाला गेले.

मी वर येऊन पत्ता बदलला. या वेळी आधी सगळी यंत्रं चालू करायला लावली, कापडाखालचीसुद्धा, आणि मगच हाक मारली. साठला कोणी ओ दिली नाही. मी साठ घातला, फायलीतही साठ लिहिला, बाकीच्या यंत्रांना तो सांगितला. मॅनेजर दारात उभा होता. सम आकडा आहे हे त्याला दिसलं असणार. चिठ्ठी छापली गेली, बार्ज सुटली.

खाली गेले तेव्हा तो माणूस पट्ट्याशी बसला होता. बोचकं अजून मांडीवर.

“बस चुकली की अक्का,” तो म्हणाला.

“आता राहा. सगळं मिटलंय.”

“मिटलंय व्हय.” त्याने माझ्याकडे वर पाहिलं. “बशीत बसलेलो. खिडकी गावली होती. चारजणांसमोर खांद्याला धरून उतरवलासा.”

त्याच्या नावावरचा डाग मी काढून घेतला होता, आणि तो काढताना त्याला भर बसस्टँडवर चोरासारखं उतरवलं गेलं होतं. दोन्ही एकाच दुपारी, माझ्याच एका वाक्याने.

“पोलिसाकडं न्यायलासा वाटलं,” तो म्हणाला. मग उठला, बोचकं खोलीत ठेवून आला आणि सांडलेलं खनिज ओढायला लागला. पगार त्याचा चालू राहिला, काम चालू राहिलं. तो मोसम संपेपर्यंत तिथेच होता.

पण वायर त्याने पुन्हा उचलली नाही. बार्ज लागायची, पट्ट्यावरून खनिज सांडायचं, आणि तो वायरीच्या अलीकडचं ओढायचा, पलीकडचं ओढायचा, वायरीवरचं तसंच सोडायचा. हळूहळू तिथे एक लाल वरंबा झाला आणि वायर त्याच्या पोटात गेली. एकदा मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

“पूर्वीसारखी उचलून घ्या ना. लोडरखाली चिरडेल.”

“न्हाई अक्का.” त्याने खोरं थांबवलं नाही. “तुमची वायर तुमी बगा. मी हात लावत न्हाई.”

पावसाआधी एका सकाळी ती चिरडलीच. लोडरचं चाक वरंब्यावरून गेलं आणि जेटीची जोडणी तुटली. या वेळी खरोखरच तुटली. मॅनेजर माझ्या खोलीत येऊन उभा राहिला. मी नळीतून नवी वायर घालायला सांगितलं, जमिनीपासून वर, खुंटांवरून. दिवसभर आम्ही ती ओढत होतो. तो माणूस पट्ट्यापाशी खनिज ओढत होता, आणि आमची नळी त्याच्या डोक्यावरून जायची वेळ आली तेव्हा तो खोरं घेऊन चार पावलं बाजूला झाला.